कॅमेरा घेण्याआधी जागा पाहा : कासच्या पठारापासून मंगल कार्यालयापर्यंत

ऑगस्ट संपत आला आणि कासवर तेरडा फुलल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकू लागली, की साताऱ्यात माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो : पन्नास हजारांत चांगला कॅमेरा कोणता? यंदा एकाच आठवड्यात तिघांनी तो विचारला. पहिली वनस्पतिशास्त्र शिकणारी महाविद्यालयीन मुलगी होती आणि तिला पठारावरची फुले टिपायची होती. दुसरा तासगावकडचा तरुण होता आणि त्याला लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. तिसरे सांगलीचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सकाळी कृष्णाकाठी फिरताना दिसणाऱ्या पक्ष्यांची नोंद ठेवायची होती. तिघांनीही मोबाइलवर मला जवळपास एकाच कॅमेऱ्याची जाहिरात दाखवली. मी मात्र तिघांना तीन वेगळी उत्तरे दिली, आणि त्यांपैकी एकालाही त्या जाहिरातीतला कॅमेरा सुचवला नाही.

गोंधळ होण्यास कारणे आहेत. दोनशे मेगापिक्सेलचे मोबाइल बाजारात आले आहेत, डीएसएलआर बंद होत चालल्याचे कानावर येते, आणि दुकानात गेल्यावर एफ/१.८, क्रॉप, फुलफ्रेम, मिररलेस असे शब्द एकामागून एक अंगावर येतात. या शब्दांमागचे विज्ञान मुळात फारसे अवघड नाही. ते एकदा नीट समजले, तर आपण कुठे उभे राहून, किती उजेडात, किती अंतरावरचे आणि किती हलणारे दृश्य टिपणार आहोत, यावरून आपले साधन आपल्यालाच ठरवता येते.

परात, वाटी आणि पडणारा पाऊस

छायाचित्र म्हणजे साठवलेला प्रकाश. पूर्वी तो फिल्मवर साठत असे, आता सेन्सर नावाच्या सिलिकॉनच्या लहानशा पत्रीवर साठतो. पावसात अंगणामध्ये एक परात आणि एक वाटी शेजारी शेजारी ठेवली, तर पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त जमते, कारण तिचे तोंड मोठे असते. सेन्सरचेही तसेच आहे. फुलफ्रेम म्हटला जाणारा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाचा असतो. क्रॉप सेन्सर म्हणून ओळखला जाणारा त्याहून लहान प्रकार साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ३६६ चौरस मिलिमीटरचा भरतो. महागड्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो आणि स्वस्त मोबाइलचा त्याहूनही बराच लहान.

मुसळधार पावसात वाटीसुद्धा क्षणात भरते. म्हणूनच भर दुपारी अजिंक्यताऱ्यावरून मोबाइलने घेतलेला शहराचा फोटो आणि दीड लाखांच्या कॅमेऱ्याने घेतलेला फोटो मोबाइलच्या पडद्यावर पाहिले, तर फरक सहज सांगता येत नाही. पाऊस भुरभुरता असेल तेव्हाच परात आणि वाटीतला फरक दिसतो. संध्याकाळची आरती, लग्नाचा मांडव, कासवरचे दाट धुके ही सगळी भुरभुरत्या पावसाची ठिकाणे आहेत.

भांडे तेच ठेवून जास्त पाणी साठवायचे असेल, तर ते जास्त वेळ बाहेर ठेवता येते. कॅमेऱ्यात याला शटरचा वेग म्हणतात. सेकंदाच्या पाचशेव्या भागाऐवजी पन्नासाव्या भागाइतका वेळ शटर उघडे ठेवले, तर दहापट प्रकाश आत येतो, मात्र तेवढ्या वेळात समोरचे मूल हलले, तर त्याचा चेहरा पुसट होतो. तिसरा उपाय आयएसओ वाढवण्याचा. आकाशवाणीचे सांगली केंद्र नीट लागत नसताना रेडिओचा आवाज वाढवला, तर गाणे मोठे होते आणि खरखरही मोठी होते. आयएसओ वाढवल्यावर फोटो उजळतो आणि त्यातले रवाळ ठिपकेही उठून दिसू लागतात. मोठ्या सेन्सरवर ही खरखर मुळातच कमी असते, कारण त्याने साठवलेला प्रकाश जास्त असतो.

मग दोनशे मेगापिक्सेलचे काय?

सेन्सरवरच्या प्रकाश मोजणाऱ्या प्रत्येक बिंदूला पिक्सेल म्हणतात आणि अशा दहा लाख बिंदूंचा एक मेगापिक्सेल होतो. त्याच वाटीत बारीक बारीक कप्पे पाडल्याने वाटी मोठी होत नाही. दोनशे मेगापिक्सेलचे मोबाइल स्वतःही हे जाणतात. नेहमीच्या वापरात ते शेजारचे सोळा बिंदू एकत्र करून एक करतात आणि साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो हाती देतात. भरपूर उन्हात पूर्ण दोनशे मेगापिक्सेल वापरून काही बारकावे जास्त मिळतात, हे खरे आहे, पण मांडवातल्या उजेडात त्यांचा उपयोग जवळपास शून्य असतो.

आपल्याला किती मेगापिक्सेल लागतात, याचा हिशेब कागदावर करता येतो. भिंतीवर लावण्याजोगा बारा बाय अठरा इंचांचा फोटो उत्तम दर्जाचा छापायचा, तर प्रत्येक इंचात ३०० बिंदू धरतात. ३६०० गुणिले ५४०० म्हणजे साधारण १ कोटी ९४ लाख बिंदू, म्हणजे १९.४ मेगापिक्सेल झाले. दहा-बारा वर्षांपूर्वीचा २४ मेगापिक्सेलचा साधा कॅमेराही एवढे सहज देतो. व्हॉट्सअॅपवर पाठवताना तर फोटो आपोआप लहान होतो. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर शंभर बाय शंभर बिंदूंचा, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. तिथून इथवर आल्यावर मेगापिक्सेल हा अडचणीचा मुद्दा राहिलेला नाही, आणि माझ्या मते खरेदी करताना तो सर्वात शेवटी पाहावा.

लेन्सवरचे आकडे

कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सवर साधारणपणे १८–५५ मिलिमीटर आणि एफ/३.५–५.६ असे आकडे असतात. पहिली जोडी केंद्रांतराची, म्हणजे फोकल लेंथची असते. केंद्रांतर जितके जास्त, तितके दूरचे जवळ दिसते. खंड्या पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २८ सेंटिमीटर असतो. तो वीस मीटरवरच्या फांदीवर बसला आहे असे धरले, तर ५५ मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा पाऊण मिलिमीटरच्या आसपास पडते. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने ती ४.२ मिलिमीटर होते आणि ६०० मिलिमीटरच्या लेन्सने ८.४. क्रॉप सेन्सरची रुंदी २३.५ मिलिमीटर असते, म्हणजे पहिल्या फोटोत पक्षी हा केवळ ठिपका असतो, दुसऱ्यात तो ओळखू येतो आणि तिसऱ्यात पिसे मोजता येतात. हा फरक कॅमेऱ्याची बॉडी कितीही महाग घेतली तरी भरून निघत नाही.

दुसरा आकडा लेन्सच्या खिडकीचा. एफ/५.६ याचा अर्थ, लेन्सचे आतले छिद्र केंद्रांतराच्या ५.६व्या भागाइतके रुंद आहे. छेदातला आकडा मोठा म्हणजे खिडकी लहान, हे सुरुवातीला उलटे वाटते, पण भागाकार आठवला की सवय होते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/१.८ वर सुमारे २८ मिलिमीटरचे छिद्र मिळते आणि एफ/५.६ वर सुमारे ९ मिलिमीटरचे. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे पहिल्यातून जवळपास दहापट प्रकाश आत येतो. क्रॉपऐवजी फुलफ्रेम घेतल्याने साठणारा प्रकाश साधारण सव्वादोनपट होतो आणि खर्च अनेकदा दुपटीच्या पुढे जातो. एफ/१.८ची साधी ५० मिलिमीटर लेन्स ही प्रत्येक कंपनीच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक असते आणि ती दहापट प्रकाश देते. नवशिक्याने पैसे आधी कुठे घालावेत, हे यावरून मला स्पष्ट दिसते.

कासवर : नखाएवढे फूल

वनस्पतिशास्त्राच्या मुलीकडे परत येऊ. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा म्हणून नोंदवले गेले, ते तिथल्या फुलांच्या वैविध्यामुळे, आणि ही फुले बहुतांशी इतकी लहान आहेत, की उभ्याने पाहिल्यास केवळ रंग दिसतो. सीतेची आसवे हे निळसर जांभळे फूल करंगळीच्या नखाएवढे असते. ओल्या कातळावरच्या मातीच्या पातळ थरात, दोऱ्यासारख्या देठावर ते उभे असते आणि त्याच मातीत त्याच्या सूक्ष्म पिशव्या बारीक जीव पकडत असतात. हे फूल टिपायला मी गुडघ्याखाली पोते घेऊन वाटेच्या कडेला ओणवा होतो तेव्हा वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर ते चौकटीतून बाहेर जाते आणि पुन्हा येते, पाकळीवरचा पावसाचा थेंब थरथरतो पण पडत नाही, आणि तेवढ्यात धुके येऊन उजेड निम्म्यावर येतो.

अशा वेळी किट लेन्स अपुरी पडते. ती सर्वांत जवळून वस्तू साधारण एक तृतीयांश आकारात सेन्सरवर उतरवते, त्यामुळे एक सेंटिमीटरचे फूल चौकटीच्या रुंदीच्या सातव्या भागात बसते. मॅक्रो लेन्स वस्तू तिच्या खऱ्या आकारात उतरवते आणि तेच फूल रुंदीचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग व्यापते. नवी मॅक्रो लेन्स परवडत नसेल, तर ५० मिलिमीटरच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे काच नसलेली पोकळ कडी लावावी, मग वस्तू निदान तिच्या निम्म्या आकारात सेन्सरवर उतरते. ही कडी घेताना तिच्यात धातूचे विद्युत संपर्कबिंदू आहेत हे पाहून घ्यावे, अन्यथा लेन्स आणि कॅमेरा यांचा संवाद तुटतो आणि छिद्र लहानमोठे करता येत नाही.

इतक्या जवळून फोटो घेताना पुढून मागे जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा भाग स्पष्ट येतो. पुंकेसर स्पष्ट आला तर पाकळीची कड पुसट होते. त्यासाठी एफ/८ किंवा एफ/११ इतके लहान छिद्र ठेवावे लागते, मग प्रकाश कमी पडतो, आणि फूल हलत असल्याने शटर फार वेळ उघडे ठेवता येत नाही. म्हणून तिच्या पैशांतला एक हिस्सा मी लहान फ्लॅश आणि त्यावर ताणायच्या पांढऱ्या कापडासाठी राखायला सांगितला. जमिनीलगत तिपाईचा उपयोग कमीच होतो, शिवाय तिचे पाय दुसऱ्या फुलांवर पडतात. गव्हाने भरलेली कापडी पिशवी कॅमेऱ्याखाली ठेवणे जास्त चांगले.

तेरड्याच्या गुलाबी गालिच्यासाठी मात्र वेगळाच विचार करावा लागतो. रुंद दाखवणाऱ्या लेन्सने जवळची फुले विरळ आणि दूरची नाहीशी होतात. तोच गालिचा वाटेवर उभे राहून ७०–३०० मिलिमीटरच्या लेन्सने दुरून टिपला, तर मागेपुढे असलेली फुले एकावर एक आल्यासारखी दाट दिसतात. गालिच्यात जाऊन बसण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांना मी कळकळीने सांगतो, की तिथली माती बोटभरसुद्धा खोल नसते आणि एका पावलाखाली चिरडलेली रोपे त्या हंगामात पुन्हा उभी राहत नाहीत. चांगल्या लेन्सचा एक फायदा असा, की ती आपल्याला वाटेवर ठेवते.

येथे मोबाइलच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. लहान सेन्सरमुळे जवळच्या फोटोत स्पष्ट येणारा भाग अधिक खोल असतो. नुसती नोंद ठेवायची असेल, म्हणजे पाने, देठ आणि फूल एकाच फोटोत ओळखू यायला हवे असतील, तर मॅक्रोची सोय असलेला चांगला मोबाइल अनेकदा सरस ठरतो. त्या मुलीने जुन्या बाजारातली क्रॉप सेन्सरची बॉडी, ५० मिलिमीटरची लेन्स आणि कडी घेतली आणि नोंदींसाठी मोबाइलच ठेवला.

मिरजेतला कारखाना आणि मांडवातला उजेड

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तिथल्या कारागिरांचे फोटो घ्यायला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. अशा कारखान्यात उजेड येतो तो बहुधा दारातून आणि एखाद्या खिडकीतून. कारागीर भोपळ्यावर वाकलेला असतो, आपण त्याच्यापासून चार फुटांवर असतो आणि मागे सरकायला जागा नसते. फ्लॅश मारला, तर पॉलिश केलेल्या लाकडावर पांढरा डाग उमटतो आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाने दिलेली सारी गोलाई निघून जाते. येथे क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटर, एफ/१.८ची लेन्स असेल, तर दुसरे काही लागत नाही.

अनेक जण विचारतात, की कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन आहे, मग कमी उजेडाची चिंता कशाला? स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरते. समोरच्या माणसाचा पटाशी धरलेला हात हलतो, त्याला ते काही करू शकत नाही. स्थिर तंबोऱ्याचा फोटो सेकंदाच्या दहाव्या भागातही स्पष्ट येईल, पण पटाशी स्पष्ट हवी असेल, तर शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतकेच उघडे ठेवावे लागते, आणि तेव्हा रुंद छिद्राची लेन्सच कामी येते.

लग्नाचे काम या सर्वांहून कठीण आहे आणि त्याबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सातारा-सांगलीच्या गावागावांतून असंख्य तरुण कर्ज काढून या धंद्यात उतरतात. अंतरपाट खाली होतो, अक्षता उडतात आणि नवरीच्या चेहऱ्यावर जे उमटते ते दोन सेकंदांत सरते. तांदळाचे दाणे हवेत थांबलेले दिसायचे, तर शटर सेकंदाच्या अडीचशेव्या ते पाचशेव्या भागाइतके जलद हवे. मंगल कार्यालयातला उजेड डोळ्यांना लख्ख वाटतो, पण दुपारच्या उन्हाच्या मानाने तो शंभरपटीनेही कमी असू शकतो. त्यात व्यासपीठासमोर व्हिडिओवाले आणि पाहुणे उभे असतात, त्यामुळे कधी पाच फुटांवरून तर कधी तीस फुटांवरून काम करावे लागते. म्हणून या कामाला एफ/२.८ इतके छिद्र सर्व केंद्रांतरांवर कायम ठेवणारी झूम लेन्स लागते. क्रॉपवर १७–५० मिलिमीटर आणि फुलफ्रेमवर २४–७० मिलिमीटर हा या धंद्याचा नांगर आहे.

दिव्यांचा आणखी एक त्रास आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते, आणि फोटोवर किंवा व्हिडिओवर आडवे पट्टे उमटतात. सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग असा शटरचा वेग ठेवला, तर हे पट्टे बहुधा जातात. व्हिडिओ सेकंदाला २५ किंवा ५० चौकटींनी घेणेही याच कारणाने आपल्याकडे सोयीचे आहे. मागच्या एलईडी पडद्यांचे लुकलुकणे मात्र निराळ्या गतीचे असते, त्यामुळे विधी सुरू होण्याआधी दोन-चार फोटो घेऊन पट्टे तपासण्याची सवय लावून घ्यावी.

तासगावच्या तरुणाला मी सर्वांत आधी जो प्रश्न विचारला तो असा : कॅमेऱ्यात कार्डांसाठी दोन खाचा आहेत का? या प्रश्नामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एक खाच असलेला कॅमेरा घेऊन लग्नाला गेलो होतो. सप्तपदीपर्यंत सारे ठीक होते, त्यानंतर कार्ड वाचले जाईना. काही फोटो पुढे सॉफ्टवेअरने परत मिळाले, पण कन्यादानाचा एकही मिळाला नाही. मुलीच्या वडिलांनी मला दोष दिला नाही, त्यांनी फक्त "एकही नाही का?" असे विचारले. ते वडील आता हयात नाहीत आणि त्या क्षणाचा एकही फोटो त्या घरात नाही. तेव्हापासून प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिला जाईल असाच कॅमेरा मी वापरतो. छंदासाठी ही सोय नसली तरी चालते, पण दुसऱ्याच्या घरचा पुन्हा न येणारा दिवस ज्याच्या हाती सोपवला आहे, त्याने यात काटकसर करू नये. त्या तरुणाला मी नवी साधी बॉडी सोडून दोन खाचांची जुनी व्यावसायिक बॉडी, एफ/२.८ची एक झूम आणि एक फ्लॅश घ्यायला सांगितले, आणि मोठ्या ऑर्डरीच्या दिवशी दुसरी बॉडी भाड्याने आणायला.

धूळ, भंडारा आणि धावते बैल

बावधनचे बगाड किंवा बैलगाडा शर्यत टिपणाऱ्याला उजेडाची चिंता नसते, ऊन रणरणते असते. तिथे कॅमेऱ्याचा फोकस धावत्या विषयाचा सलग पाठलाग करू शकतो का आणि सेकंदाला किती फोटो घेऊ शकतो, हे पाहावे. सेकंदाच्या हजाराव्या भागात बैलांचे खूर हवेत थांबतात. साठाव्या भागात, कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवत नेल्यास, बैल स्पष्ट आणि मागचे गाव धावते दिसते. पालीला खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जात असताना लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर हळद शिंपडण्यासारखेच आहे. अशा ठिकाणी १८–१३५ सारखी एकच लांब पल्ल्याची झूम लावून जावे, तिचे छिद्र लहान असले तरी बिघडत नाही. स्वयंपाकघरातली पारदर्शक पिशवी आणि रबर यांचे आवरणही चांगले काम देते.

"मोबाइलच पुरे नाही का?"

अनेकांना खरोखर पुरतो. घरातली मुले, सहल, वाढदिवस, दुकानातल्या मालाचे फोटो यांसाठी मी कोणालाही वेगळा कॅमेरा घ्यायला सांगत नाही. मोबाइल एका फोटोच्या वेळी पाठोपाठ अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर बसवतो आणि खरखर पुसून टाकतो. लहान वाटी अनेकदा भरून तो परातीची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. समोरचे दृश्य स्थिर असेपर्यंत ही युक्ती उत्तम चालते. हलणारे मूल, उडणारा पक्षी, नाचणारी वरात आली, की सगळे फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि चेहरे मेणाचे केल्यासारखे गुळगुळीत होतात. दूरच्या विषयासाठी तर काचेला पर्याय नाही.

निवृत्त शिक्षकांची गरज दूरच्या विषयाची होती. त्यांना मी आधी एक दिवस १५०–६०० मिलिमीटरची लेन्स भाड्याने घ्यायला सांगितले. ती सुमारे दोन किलोची असते. आयर्विन पुलाजवळच्या काठावर तासभर ती हातात धरल्यावर त्यांनी ती स्वतःहून परत केली, कारण त्यांचा खांदा दुखू लागला आणि पक्षी पाहण्याचा आनंदच संपला. त्यांनी शेवटी लेन्स न बदलता येणारा, लांब झूमचा एकसंध कॅमेरा घेतला. त्याचा सेन्सर मोबाइलपेक्षाही लहान आहे, संध्याकाळी तो उपयोगाचा नाही, पण सकाळच्या उन्हात काठावरचा खंड्या तो ओळखू येईल इतका स्पष्ट टिपतो आणि मायणीच्या तलावावरही ते तोच गळ्यात अडकवून जातात. जाणकार म्हणवणारे अशा कॅमेऱ्याला नाके मुरडतात, ते मला पटत नाही.

"डीएसएलआर बंद होत आहेत, मग जुना घेणे चूक नाही का?"

डीएसएलआरमध्ये लेन्समागे एक आरसा असतो. तो दृश्य वर डोळ्याकडे पाठवतो आणि फोटो घेताना बाजूला होतो. मिररलेसमध्ये हा आरसा नसतो. सेन्सर सतत दृश्य पाहत राहतो आणि छोट्या पडद्यावर दाखवतो. सोनीने २०१३ मध्ये फुलफ्रेम मिररलेस आणला, कॅनन आणि निकॉन २०१८ मध्ये त्या वाटेला लागले, आणि आता नव्या लेन्स जवळपास साऱ्या मिररलेससाठीच निघतात. मिररलेस डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतो, हा लग्नाच्या आणि पक्ष्यांच्या कामात मोठा फायदा आहे. बॅटरी मात्र तो लवकर संपवतो, दोन जादा बॅटऱ्यांचा खर्च धरूनच चालावे.

बहुतेक कंपन्यांनी नवे डीएसएलआर काढणे थांबवल्याने जुने वाईट फोटो काढू लागले असे झालेले नाही, उलट ते स्वस्त झाले आहेत. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स त्यांच्या नव्या मिररलेसवर अडॅप्टरने पूर्ण क्षमतेने चालतात. निकॉनच्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटार असेल तरच नव्या बॉडीवर आपोआप फोकस होतो, त्यामुळे घेताना ते विचारून घ्यावे. शटर किती वेळा उघडले आहे तो आकडा पाहावा. साध्या बॉडीचे शटर साधारण एक लाख फोटोंसाठी बनवलेले असते.

आपल्या पावसात सर्वांत मोठा शत्रू

जुनी लेन्स घेताना मी अंधाऱ्या खोलीत तिच्या एका टोकाला विजेरी धरतो आणि दुसऱ्या टोकाने तिरके पाहतो. काच स्वच्छ असेल तर नुसता उजेड दिसतो. बुरशी असेल, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे कडेकडून आत पसरलेले दिसतात. सातारा, महाबळेश्वर, पाटण या पट्ट्यात चार महिने हवा ओलीचिंब असते आणि चामड्याच्या बंद पिशवीत कपाटात ठेवलेली लेन्स एका पावसाळ्यात अशी होऊ शकते. बुरशी काचेवरचा लेप खाते, आणि नंतर ती पुसली तरी लेपावरचे व्रण राहतात.

उपाय स्वस्त आहे. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि हवेतला ओलावा दाखवणारा छोटा मापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. ६० च्या वर गेला, की पुड्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून परत ठेवाव्यात. फार कोरडेही करू नये, रबर आणि आतले वंगण सुकते. कासहून भिजून आल्यावर कॅमेरा लगेच डब्यात न ठेवता, आधी पुसून पंख्याखाली रात्रभर ठेवावा आणि मगच बंद करावा. गाडीतल्या एसीतून थेट पठारावर उतरल्यावर लेन्सवर जी वाफ धरते, ती रुमालाने घासू नये. कॅमेरा पिशवीत बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबले, की तो बाहेरच्या हवेइतका होतो आणि मग काच स्वच्छ राहते.